नळीचा कान

वैशाखात शेतं मोकळी असतात.
राब भाजून काळा, नागली कणगीत,
डुकरांचंही आमच्याकडे काही काम नाही.
बा म्हणतो, हेच दिवस.
पीक उभं राहिलं की मग कुठली उसंत,
तेव्हा ती भरलेली हवी.

मी शनिवारची दुसरी पाळी बुडवून
नाशिकहून हरसूलची एसटी पकडतो.
अंबडच्या कारखान्यात दिवसाला चारशे बेअरिंगं
गेजमधून जातात माझ्या हातून.
पास, पास, रिजेक्ट, पास.
घरी मला फक्त चिंध्या फाडायला ठेवलंय.

गोधडीवर ती आडवी.
ठासणीची, एकनळी,
आज्याच्या नावानं आलेली, मग बाच्या नावावर चढलेली.
परवान्यावर लिहिलंय, पीकसंरक्षणाकरिता.
दस्त्यावर अजून ठाण्याच्या चिठ्ठीचा डिंक.
मागच्या निवडणुकीत तीन महिने जमा होती;
परत देताना हवालदारानं पावतीवर लिहिलं,
एक नग, चालू स्थितीत.
बा ते मला दोनदा वाचायला लावतो.
चालू स्थितीत.
आणि आत गंज.

आधी कढत पाणी, चुलीवरून थेट नळीत.
जुन्या दारूचा वास सुटतो, नासक्या अंड्याचा.
आई नाक धरून पडवीत जाते.
पहिला तांब्या काळा, दुसरा करडा,
तिसऱ्याला बा बोट बुडवून बघतो.
मग गजाला चिंधी गुंडाळून वरखाली,
वीस वेळा. मोजतो मोठ्यानं.
सतराला थांबतो, छातीवर हात ठेवतो,
पुन्हा सतरापासून.

मी पिशवीतून मशीन ऑइलची बाटली काढतो.
तो बघतसुद्धा नाही.
खुरासणीचं तेल, पळीभर, कोमट.
ते पुढं चिकटतं, मी सांगतो, धूळ धरतं.
"तुझ्या बेअरिंगला पाज ते," म्हणतो,
"हिला घरचं लागतं."

छर्रे बोर्नव्हिटाच्या डब्यात.
टोप्या मोजून एकोणीस.
गेल्या वर्षी एकोणीस, त्याच्या आधल्या वर्षीपण.
शेवटचा बार कधी काढलास, मी विचारत नाही.
झिपरूकाकाच्या वावरात, रात्री.
डुकरं नव्हतीच, काकाचीच म्हैस होती अंधारात.
बानं आभाळात मारला होता,
तरी म्हशीनं आठ दिवस दूध चोरलं.
हे काका प्रत्येक लग्नात सांगायचा.
काका गेला. वावर पडीक.
आता तिथं खरोखरची डुकरं लोळतात
आणि राखायला काही नाही.

शेवटी तपासणी.
लहानपणापासून एवढंच काम माझं.
नळीचं तोंड बाच्या ओठांना,
आणि खाली, टोपी बसते तिथल्या कानाशी
मी बोट थुंकीनं ओलं करून धरायचं.
तो फुंकणार. बोटाला वारा लागला
तर कान मोकळा.
तेव्हा असा लागायचा की बोट थंड पडायचं
आणि मी ओरडायचो, आला! आला!

आज फुंकला.
गाल ताणले, मानेवर शीर आली.
माझं बोट ओलंच राहिलं.
"आला का?"
आला, म्हणालो.
"कारखान्यातपण असंच पास करतोस काय?"

मग गोधडी शिवायची सुई मागवली.
कानातून भुकटी काढली, लाल, चिमूटभर,
तळहातावर घेऊन मला दाखवली.
आणि नळी माझ्याकडं वळवली.
"आता तू."

लोखंडाला खुरासणीची चव होती,
आणि त्याच्या बिडीची.
मी फुंकलं, होता तेवढा दम लावून.
दुसऱ्या टोकाला त्याचं बोट,
घट्ट्यांचं, सुई टोचली तरी न कळणारं,
कानाशी धरलेलं.
थोडा वेळ काही बोलला नाही.
बाहेर आई ते काळं पाणी
जास्वंदीच्या बुंध्याला ओतत होती.

मग म्हणाला, आला.

मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं.
तो चिंध्यांच्या घड्या घालत होता.